कुर्धे की कुरधुंडा?

कात्र बोर्न, मॉरिशस
रविवार, 8 डिसेंबर 2024

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. बाबा आधी पाकिटावरचा शिक्का वाचतील, तिकिटं मोजतील आणि मगच कात्री आणायला उठतील, हेही मला इथे बसून दिसतंय. तिकिटं मुद्दाम वेगवेगळी लावली आहेत. ती भिजवून काढा, फाडू नका. पाकिटात आणखी एक कागद आहे, त्याच्याबद्दल शेवटी लिहिते. त्यासाठी बाबांची मदत हवी आहे.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते. फेब्रुवारीत तुमच्या जावयांचा इथला करार संपतो. आम्ही आणखी तीन वर्षं राहायचं ठरवलं आहे.

दोन वर्षांत परत येते, असं मी निघताना तुळशीपाशी उभी राहून म्हणाले होते. आईने तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं, फक्त माझ्या पिशवीत आणखी एक कोकमाची पुडी कोंबली होती. गेल्या महिन्यात तीनदा फोनवर सांगायला गेले. दर वेळी आईने ‘जेवलीस का?’ विचारलं आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. म्हणून हे पत्र.

का राहतोय, ते पगाराच्या आकड्याने सांगता येणार नाही. पगार बरा आहे, पण इथे बरंचसं बाहेरून बोटीने येतं, त्यामुळे खर्चही तसाच. कारण वेगळं आहे. लग्नानंतर पुण्यात आम्ही दीड वर्ष एका घरात राहिलो, पण भेटायचो रविवारी. हे हिंजवडीहून रात्री दहाला यायचे, तोवर मी पेंगायला लागलेली असायची. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही. इथे ह्यांचं ऑफिस एबेनला, इथून जवळच. साडेपाचला घरी येतात, आम्ही चहा एकत्र पितो, मग संध्याकाळी चालायला जातो. आई, तू आणि बाबा पडवीत बसून न बोलता चहा पिता ना, तसं बसायला आम्हाला इथे येऊन जमलं. ते इतक्यात सोडवत नाही.

सगळं पहिल्यापासून गोड होतं असं मात्र नाही. पहिले आठ महिने मला नोकरी नव्हती. दिवसभर घरात एकटी. खाली दुकानात गेलं तरी सगळे क्रिओल बोलणार, त्यातला एक शब्द कळायचा नाही. तुम्हाला फोन करायच्या आधी मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायची आणि तोंड धुऊन मग व्हिडिओ लावायची. आई विचारायची, ‘डोळे का सुजलेत?’ आणि मी उन्हावर ढकलायची. आई, ते ऊन नव्हतं.

त्या दिवसांत एका रात्री गच्चीवर आकाश बघत होते. लग्नात गुरुजींनी आम्हाला खळ्यात नेऊन ध्रुव दाखवला होता, आठवतं? ढग होते तरी बोट दाखवून ‘दिसला म्हणा’ म्हणाले होते. इथे ध्रुव दिसतच नाही. विषुववृत्ताच्या खाली आलं की तो क्षितिजाखाली जातो, हे शाळेत शिकले होते, पण त्या रात्री ते अंगावर आलं. चंद्रावरचा ससासुद्धा उलटा. मग दक्षिणेला त्रिशंकू दिसला. बाबा, मे महिन्यात रात्री तुम्ही मला खांद्यावर घेऊन माडांच्या शेंड्यांना टेकलेला त्रिशंकू दाखवायचात. इथे तो चांगला वर, मोकळ्या आभाळात होता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. 15 जानेवारीला बेलाल चक्रीवादळ आलं, तेव्हा मी तुम्हाला ‘नेट गेलं होतं, बाकी काही नाही’ असं सांगितलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून त्या दिवशी पाण्याने गाड्या वाहून नेल्या. हे ऑफिसात अडकले होते, सहा तास आमचा संपर्क नव्हता. मी खालच्या आजींच्या घरी बसून होते. आजींना 1960 चं कॅरोल वादळ आठवतं. त्या आठ वर्षांच्या होत्या, घराचं छप्पर त्यांच्यादेखत उडालं. त्या वादळानंतर इथे लोक सिमेंटची घरं बांधायला लागले. म्हणून ही घरं अशी सपाट, ठोकळ्यासारखी दिसतात आणि वाऱ्याला दाद देत नाहीत. आता मला वादळाच्या इशाऱ्याचे चारही वर्ग पाठ आहेत. मेणबत्त्या, पाणी, बिस्किटं, विजेरी नोव्हेंबरपासून भरून ठेवते. पुढच्या वेळी खोटं सांगणार नाही. तुम्हीही तिकडे बाबांचं बीपी वाढलं की मला त्याच दिवशी सांगा.

खालच्या आजी म्हणजे आमच्या घरमालकीण. बहात्तर वर्षांच्या. पहिल्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेले तर त्यांनी मला आडनाव विचारलं आणि एकदम माझे दोन्ही हात धरले. त्यांचे पूर्वज आपल्याकडचे. घरात क्रिओल बोलतात, फ्रेंच पेपर वाचतात, पण गणपतीची आरती पूर्ण येते, आणि ‘आजी’ म्हणून हाक मारली की खुलतात. मला क्रिओल त्यांनीच शिकवली. ‘की मान्येर?’ म्हणजे कशी आहेस, आणि उत्तर ‘मो ब्यें’. दारात दोन पायऱ्यांवर बसून रोज अर्धा तास. त्या शब्दांनीच मला पुढे नोकरीही मिळवून दिली. आता एका कापड कारखान्याचे हिशेब बघते.

बुधवारी आणि शनिवारी इथल्या मंडईत भाजी येते. आजी मला बरोबर नेतात. आई, तू असतीस तर दोन तास हलली नसतीस. अळूला ‘ब्रेद सोंज’ म्हणतात, शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’, भेंडीला ‘लालो’. ब्रेद म्हणजे कुठलीही पालेभाजी. आजी तिचं लसूण घालून पातळ पाणीदार सार करतात आणि भाताबरोबर जेवतात. मी त्यांना आपलं अळूचं फदफदं करून नेलं, चण्याची डाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ घालून. त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांची आजी असं काहीतरी करायची, पण नाव कुणालाच आठवत नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते चारदा म्हणून बघितलं.

रस्त्यावर डाळपुरी मिळते, जोडीने. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी. बिहारी मजुरांनी आणली, आता चिनी आणि मुसलमान आणि आफ्रिकी वंशाचे सगळेच खातात. बाबांना आवडेल, पण मिरची कमी घालायला सांगावं लागेल. सध्या बाजार लिची आणि आंब्यांनी भरला आहे. मार्गशीर्षात आंबे! रस्ते गुलमोहराने लाल आहेत. पहिल्या वर्षी मला हे विचित्र वाटायचं, जणू कुणी पंचांग उलटं धरलंय. यंदा नोव्हेंबरात पहिला गुलमोहर दिसला तेव्हा मी स्वतःहून म्हटलं, ‘आता आंबे येतील.’

गणपतीची इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पहिला गणपती 1896 साली बसला असं सांगतात. आजींचं माहेर कास्कावेल, तिथे मराठी घरं बरीच. यंदा आम्ही तिथे गेलो होतो. पुरुष पायात घुंगरू बांधून ‘झाकरी’ नाचले. बाबा, ती आपली जाखडी! मधोमध मृदंगवाला, भोवती गोल, तोच ठेका. शब्दांचे उच्चार फ्रेंच वळणाचे झालेत, काहींना अर्थही माहीत नाही, पण पाय चुकत नाहीत. मी तुम्हाला त्या दिवशी व्हिडिओ पाठवला आणि तुम्ही उत्तरात नुसतं ‘बघितला’ लिहिलंत. नंतर आईने सांगितलं की तो तुम्ही सात वेळा बघितलात.

समुद्राबद्दल तुम्हाला काय सांगायचं! पण इथला वेगळा आहे. बेटाभोवती बऱ्याच ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, लाट तिथे दूर फुटते. काठावर पाणी तळ्यासारखं शांत आणि दूरवर एक पांढरी रेघ, तिचा सतत घुमणारा आवाज. गणपतीपुळ्याच्या लाटेची सवय असलेल्या मला आधी वाटलं, हा समुद्र दमलाय. आता दर दुसऱ्या रविवारी आम्ही बसने फ्लिक आं फ्लाकला जातो. आईच्या गुडघ्यांना हे पाणी चालेल, कमरेएवढं आत गेलं तरी लाट पाडणार नाही.

बाबा, पोर्ट लुईच्या धक्क्यावर ब्लू पेनी म्युझियम आहे. तुमच्या आल्बमच्या पहिल्या पानावर जी दोन चौकटी तुम्ही पेन्सिलीने आखून रिकाम्या ठेवल्या आहेत, ती दोन तिकिटं मी बघितली. 21 सप्टेंबर 1847 ची, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेनीचं निळं, प्रत्येकी पाचशेच छापलेली. इथल्या बँकेने आणि कंपन्यांनी मिळून 1993 मध्ये लिलावात घेऊन ती परत आणली. रंग उडू नये म्हणून तासातून थोडाच वेळ त्यांच्यावर दिवा लावतात, एरवी प्रतिकृती बघायच्या. मी दिव्याची वाट बघत उभी राहिले. डाव्या कडेला ‘पोस्ट ऑफिस’ ही अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. ‘पोस्ट पेड’ऐवजी चुकून कोरली, असं इथे सगळे सांगतात. तुम्ही म्हणायचात तेच खरं, जाणकार ती गोष्ट मानत नाहीत. दिवा गेला तेव्हा मला वाटलं, इथे मी नाही, तुम्ही उभे असायला हवे होतात.

तिथून थोडं चाललं की अप्रवासी घाट. सोळा दगडी पायऱ्या. 1834 पासून जवळजवळ पाच लाख माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला या बेटावर आली. कलकत्त्याहून, मद्रासहून, मुंबईहून. घाट बांधल्यावर ती याच पायऱ्या चढली. बरीचशी परत गेलीच नाहीत. त्यांच्याशी मी माझी तुलना करत नाही. मी विमानात बसून आले, रोज तुमचा चेहरा बघते. पण त्या पायऱ्यांवर उभी असताना मला आईची कोकमाची पुडी आठवली. त्यांच्या आयांनीही काहीतरी बांधून दिलं असेल.

एका गोष्टीचं मला फार लागून राहिलंय. मे महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते. डोळ्यात थेंब घालायला शेजारच्या काकू येत होत्या, आणि मी इकडून वेळा विचारत होते. त्यानंतर आम्ही एक ठरवलं. दोन परतीच्या तिकिटांचे पैसे बँकेत वेगळे ठेवले आहेत, त्यांना काहीही झालं तरी हात लावत नाही. रात्री दोनला फोन केलात तरी मी पहिल्या विमानाने निघेन. मुंबईपर्यंत साधारण सहा तास, पुढे देवरुख. हे तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, मलाही वाटत नाही.

म्हणून तुम्ही या. आषाढात या. आंब्याचं काम संपलेलं असेल, तिकडे पाऊस कोसळत असेल आणि आईचे गुडघे दुखायला लागलेले असतील. इथे तेव्हा थंडीचे दिवस, सरासरी 20-21 अंश, स्वेटर मात्र लागेल. गणपतीच्या आत मी तुम्हाला घरी पोचवते, मखर चुकणार नाही. भारतीयांना फिरायला यायचं तर व्हिसाला पैसे पडत नाहीत. आईचा पासपोर्ट काढायचाय, ते काम आता बाबांच्याच खात्यात होतं. रोपं, बिया, ताजी फळं आणू नका, विमानतळावर काढून घेतात. बाबांच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

आणि आई, तू फोनवर विचारायचं टाळतेस त्याचं उत्तर : अजून काही नाही. असेल तेव्हा पहिला फोन तुला.

आता तो कागद. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या त्या मजुरांच्या, नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आजींनी त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढली, तिची ही प्रत. बापाचं नाव आहे, वय 22, उंची, बंदर मुंबई. जिल्हा ‘रुटनागेरी’ असा लिहिलाय, तो कळतो. गावाच्या नावाची पहिली अक्षरं के, यू, आर, डी, एच, आणि पुढे शाई पसरली आहे. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं असणार. आजी हा कागद कपाटात देवाच्या पोथीत ठेवतात. आजवर कुणालाच त्यांना गाव सांगता आलेलं नाही.

मला दोनच नावं सुचली. पावसजवळचं कुर्धे, किंवा आपल्या तालुक्यातलं कुरधुंडा. बाबा, बत्तीस वर्षं तुम्ही पुसट पत्ते वाचून पत्रं पोचवलीत. भिंग घेऊन नीट बघा. शाईखाली ‘यू’ची काठी आहे की ‘ई’ची गाठ, ते तुम्हाला कळेल. तिसरंच एखादं गाव वाटलं तर तेही लिहा. उत्तर फोनवर नको, आजींना ते तुमच्या अक्षरात हवं आहे. गावाचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहा आणि शक्य झालं तर तिथल्या पोस्टाचा शिक्का मारून पाठवा.

तुमची,
चिमी