पेन्सिल माझ्याच हातात राहू देणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचात, एवढंच ठाऊक. तुमची पूर्वपरीक्षा तोंडावर होती आणि शेजारी मी, अकरावीची पोरगी, एकाच गणितापाशी नाक ओढत बसले होते.

वाय = |२एक्स − ६| + १. शिरोबिंदू काढा.

केवलमूल्य मला नववीपासून येत होतं. उभ्या दोन रेघा, आतलं उणे असेल तर धन होऊन बाहेर येतं, संपलं. आलेख ‘व्ही’सारखा, हेही पाठ. अडायचं ते त्याच्या टोकाशी, म्हणजे शिरोबिंदूशी. क्लासच्या सरांची युक्ती होती: आतल्या आकड्याचं चिन्ह फिरवा, बाहेरचा तसाच ठेवा. त्याप्रमाणे मी (६, १) लिहायचे आणि चुकायचे. का चुकलं विचारलं, तर ‘मराठी मीडियम का?’ म्हणून त्यांनी वर्ग हसवला. फी मात्र सगळ्यांएवढीच घेतली होती, मराठी मीडियमची सूट नाही.

तुम्ही वही बघितलीत. मी खोडरबर मागितला तर दिलात, पण (६, १) खोडू दिलं नाहीत. “राहू दे, लागेल.” मग एक्सला एक, दोन, चार, पाच घालून बघायला सांगितलंत. वाय आले पाच, तीन, तीन, पाच. ठिपके दिले, कागद सहावर उभा दुमडला, ट्यूबलाइटसमोर धरला. ठिपक्यावर ठिपका बसेना. तुम्ही गप्प. घडी सरकवत मीच तीनवर आणली, आणि चारांचे दोन झाले!

“आतलं शून्य कधी होतं गं?” एवढंच विचारलंत. एक्स तीन असताना. रेघांमधून शून्याहून लहान काही बाहेर पडतच नाही, म्हणून वाय तिथेच सगळ्यात खाली, एकवर. (३, १). सरांची युक्ती एक्स एकटा असेल, मागे दोनसारखा आकडा नसेल तेव्हाच चालते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पण ताई, मला आठवतात ते तुमचे हात. सगळा वेळ मांडीखाली दाबून बसला होतात. बाबा, दादा, ते सर, ज्यांनी ज्यांनी मला गणित समजावलं त्यांनी आधी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि भराभर उत्तर लिहून दिलं. तुमचीही बोटं शिवशिवली असणार. एकदा उजवा हात बाहेर आलाही होता, मी पाहिला, आणि परत आत गेला. हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. समोरच्याला निवांत चुकू देणारी कुठे भेटतात? आणि तुमच्याकडे तर वेळही नव्हता.

परीक्षेनंतर तुम्ही दिसला नाहीत. त्या टेबलावर आता दुसऱ्याच कुणाची बॅग असते. कागद घडीवर फाटत आलाय, मागून सेलोटेप लावलीय. तुमचा खोडरबर माझ्याकडेच राहिला. कंपासपेटीत आहे, अजून कोराच.