साडेसहा वाजता झोपायचे कपडे

महोदय,

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता असलेले चौघेजण आणि पाळीपाळीने येणारे सहायक, अशा घरात तो तीन वर्षांपासून राहतो. तपासणीला येणारे लोक आग विझवायची यंत्रं, औषधांची वही, चादरी आणि कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं बघतात. शेरा दरवेळी ‘उत्तम’. औषधांची वही चोख हवीच. त्याला फिट येतात, गोळी चुकली की काय होतं ते घरी आम्ही पाहिलंय.

एकदा मी न कळवता संध्याकाळी साडेसहाला गेले. बाहेर लख्ख उजेड आणि चौघेही झोपायच्या कपड्यांत! आठला पाळी बदलते, रात्री एकच माणूस असतो, म्हणून. वहीत मात्र ‘रात्री शांत झोपला’. घरी असताना हा अकराच्या आत कधी आडवा झाल्याचं मला आठवत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १९ म्हणतं, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ साली आणखी स्पष्ट केलं: शंभर जणांची संस्था असो, पाच-आठ जणांचं घर असो की एकट्याचं, दिनक्रम ठरवून दिलेला आणि सहायक निवडायची मुभा नाही, तर त्याला स्वतंत्र राहणं म्हणता येत नाही.

‘इथे आवडतं ना?’ असं विचारून उपयोग नाही. भाऊ ‘हो’ म्हणतो. ‘आवडत नाही ना?’ यालाही ‘हो’च. त्यापेक्षा त्याला शर्टाची बटणं लावताना बघा. पाच बटणांना दहा मिनिटं लागतात. एक सहायक तेवढा वेळ खिडकीपाशी उभा राहायचा, मध्ये हात घालायचा नाही. त्याच्या जागी आलेला अर्ध्या मिनिटात सगळी लावून मोकळा होतो. पहिला का सोडून गेला, वर्षभरात किती जण बदलले, हे तपासणीच्या कागदात कुठेच नाही.

भावाला त्याच्या खोलीची किल्ली द्या म्हटलं, तर ‘हरवेल’ हे उत्तर. (माझी यंदा दोनदा हरवली.)

तपासणी करणाऱ्यांना एवढीच विनंती: एकदा न सांगता संध्याकाळी या आणि अकरापर्यंत थांबा.

— एक मोठी बहीण