शिवणीतली माया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुग्याच्या बाह्या, खणाचे ब्लाऊज, इरकल साड्या दादरच्या दुकानांत पुन्हा टांगलेल्या दिसतात. मला याचा आनंदच आहे. पण जुन्या कपड्यांकडून घेण्यासारखं नुसत्या रूपापलीकडेही काही आहे, ते कळवावंसं वाटलं.

माझी आजी परळला शाळेत शिक्षिका होती. १९६१ सालचा तिचा एक फोटो आहे. पाचवारी इरकल, फुग्याच्या बाह्यांचा पोलका, मनगटावर घड्याळ, हातात लांब दांड्याची छत्री. सकाळी कपाट उघडलं की मला आधी तो फोटो आठवतो.

तिचा तोच पोलका ट्रंकेत मिळाला, पण मला छातीत घट्ट होत होता. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी तो उलटा केला, बाजूची शिवण चिमटीत धरली आणि म्हणाले, "ताई, दीड बोट माया आहे की यात!" माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. तासाभरात उसवून, नवी टीप मारून हातात दिला. उसवलेल्या जागी खण गर्द जांभळा निघाला. बाहेरचा रंग साठ वर्षांत विटलाय. काखेखालचा तो गर्द पट्टा हात वर केला की दिसतो. दिसू दे. आजीने नवा घातला तेव्हा अख्खा पोलका तसा होता.

माणसाचं अंग बदलणार, हे धरूनच तेव्हा शिवत असत. बाळंतपणानंतर उसवायचं, लेकीला हवा झाला की आत घ्यायचा. माझ्या तयार कुर्त्यांत माया करंगळीच्या नखाएवढी, तीही कड शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनने कापलेली. वर्षभरात तो कुर्ता फडक्यात जातो.

इरकल साडीचंही सांगते. अंगाचं सूत वेगळं, पदराचं रेशीम वेगळं. मागावर दोन्ही ताणे एकेका फाशाने एकमेकांत अडकवलेले असतात. बोट फिरवलं की तो जोड लागतो. एका दुकानात मला सुचवलं, पदर कापून गाऊन शिवा, छान दिसेल. मी साडी घडी करून परत आणली. सोमवारी ती नेसूनच ऑफिसला जाते, लोकलच्या गर्दीत पदर खोचून.

वाचक भगिनींना विनंती, बोहारणीला देण्याआधी किंवा कात्री लावण्याआधी आजीचं कापड एकदा अंगाला लावून बघा, शिवण उलटून बघा. ठेवायचं असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, रेशीम घडीवर विरतं.

आणि आपल्या पुरवणीत उसवून-वाढवून देणाऱ्या शिंप्यांवर एकदा जरूर लिहा. आमचे शिंपीकाका सत्तरीला आलेत. हाताखाली कुणी नाही.

– एक वाचक, परळ, मुंबई