चाळिशीतलं बीपी, सत्तरीतली स्मृती: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

सत्तरी ओलांडलेलं माणूस घरचा रस्ता चुकलं की मग आपल्याकडे स्मृतिभ्रंशाचा विषय निघतो. माझी मागणी त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांचं बीपी आटोक्यात ठेवणं हे स्मृतिभ्रंश रोखण्याचंच काम आहे असं मानून शासनाने ते हाती घ्यावं.

वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, काही बुजतात. कुणाला पत्ताही लागत नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात पन्नाशीला वरचं बीपी १३० किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारासह जगत असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका रुग्णामागे घरातलं एक माणूस अडकतं, बहुतेकदा सून नाहीतर मुलगी.

माझ्या आईला पन्नाशीतच बीपी निघालं होतं. पट्टी संपली की गोळी बंद, कारण "आता डोकं दुखत नाही ना!" आज ती तांदूळ न घालताच कुकर लावते आणि वारलेल्या मामाची जेवायला वाट बघते. तिचा आजार फक्त बीपीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण गोळी सुटल्यावर विचारायला कुणी आलं नाही, हे मात्र खरं.

असं विचारायला जाण्याने फरक पडतो. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तिथे गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या पद्धतीने गोळ्या दिल्या, पाठपुरावा केला, आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठी रुग्णालयं लागली नाहीत, महागडी औषधंही नाहीत.

आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. तिशीपुढच्यांची तपासणीही होते. घोडं अडतं ते त्यानंतर. ओपीडी सकाळची, त्या वेळेला गेलं तर रोज बुडतो, म्हणून कमावती माणसं फिरकत नाहीत. आठवडी बाजारात बीपी तपासून तिथेच गोळ्या द्या. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं वसंतापर्यंत परतत नाहीत. महिन्याच्या गोळ्या त्यांना कशा पुरणार? निघतानाच त्यांना हंगामभराचा साठा द्या, नाहीतर ज्या गावात त्यांची कोपी, म्हणजे हंगामापुरती झोपडी, उभी राहील तिथल्या केंद्रातून, जुन्याच कार्डावर, गोळ्या मिळायची सोय करा.

आढावा बैठकीत किती जणांची तपासणी झाली हा आकडा आपल्यापुढे येतोच. पुढच्या बैठकीत प्रत्येक जिल्ह्याला एवढंच विचारा: गेल्या वर्षी बीपी निघालेल्यांपैकी किती जण आजही गोळी घेताहेत, आणि त्यांतल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं? ते उत्तर तालुकावार जाहीर करा.

आपली विश्वासू,
आईची काळजी घेणारी एक मुलगी, जि. बीड