फॉरमॅट मारण्याआधी पडद्यावरचा कोड वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरचा कंप्युटर अपडेट होता होता अडकला की आमच्या देवगड-मालवण भागात एकच उपाय सांगितला जातो. दुकानदार मशीन चालू करून बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारूचो लागतलो." दोन दिवसांनी मशीन घरी येते, चालतेही, पण आतले सगळे पुसलेले असते. ह्या सवयीविरुद्ध मी लिहिते आहे. अपडेट अडकले म्हणून कंप्युटर पुसून काढावा लागतो, असे बहुतेक वेळा नसतेच.

माझी नणंद तारकर्लीला होमस्टे चालवते. तिचा लॅपटॉप व्यवस्थित चालत होता, फक्त विंडोजचे एक अपडेट दर वेळी अयशस्वी दाखवत होते आणि सोबत कोड येत होता, ०एक्स८००७०६४३. दुकानात तिला न विचारताच फॉरमॅट मारले. वर्षानुवर्षे येणाऱ्या पाहुण्यांचे फोन नंबर गेले, सासऱ्यांचे शेवटच्या गणपतीतले फोटो गेले. आणि एवढे करून तेच अपडेट पुन्हा त्याच कोडवर अडकले. ते अडकणारच होते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले ते केबी५०३४४४१ नावाचे अपडेट जगभरात असंख्य कंप्युटरवर ह्याच कोडने अडकले होते. त्याला हार्ड डिस्कवरच्या रिकव्हरीसाठी राखलेल्या छोट्या भागात जास्त जागा हवी होती आणि जुन्या मशीनमध्ये तेवढी नव्हती. तो भाग २५० एमबीने वाढवा, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. ते काम घरच्या माणसाने करण्यासारखे नाही. पण फक्त सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला मुख्य भाग, पुसून तो दुसरा भाग वाढत नाही, हे दुरुस्ती करणाऱ्याला तरी ठाऊक हवे. नणंदेचा लॅपटॉप तसाच राहू दिला असता तर तिचे काहीही अडले नसते.

म्हणून माझे पहिले सांगणे आहे की कोड कागदावर उतरवून घ्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडले की अपडेट हिस्ट्री दिसते. कुठले अपडेट पडले, कधी पडले, कुठल्या कोडने पडले, हे तिथे लिहिलेले असते. ०एक्स८००७००७० असेल तर डिस्कवर जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे सर्वांत जास्त हेच आढळते, कारण घरोघरी मोबाइलमधले फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ सी ड्राइव्हवर ओतलेले असतात. मोठ्या अपडेटला २० जीबीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा, मग सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्स काढा. तिथे मात्र डोळे उघडे ठेवा. त्या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण राहिली तर तुम्ही उतरवून ठेवलेले सातबारा, आठ-अ, विम्याच्या पावत्या, सगळे त्याबरोबर जाते.

आता विजेबद्दल. मृगापासून आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि दुरुस्तीसाठी ठरवून बंद असते ती वेगळी. अपडेट चढत असताना वीज गेली की पुढच्या वेळी पडद्यावर येते, 'बदल मागे घेत आहोत, कंप्युटर बंद करू नका.' टक्केवारी हलत नाही, माणूस घाबरतो आणि बटण दाबून धरतो. खरे नुकसान त्या क्षणी होते. तो संदेश म्हणजे कंप्युटर स्वतःला पूर्वीच्या चांगल्या स्थितीत नेत असतो. जुन्या हार्ड डिस्कवर ह्याला तास-दीड तास लागू शकतो, कधी त्याहून जास्त. बाजूला व्हा, स्वयंपाक करा, बागेत जाऊन या, पण त्याला हात लावू नका. विंडोजची मासिक अपडेट अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे ती मंगळवारी रात्री उशिरा पोचतात. आम्ही बुधवारी ती चढवत नाही. ज्या दिवशी वीज टिकेल असा भरवसा असतो त्या दिवशी, लॅपटॉपची बॅटरी भरून, बाकी सगळे बंद करून बसतो. सेटिंग्जमध्ये अपडेट काही दिवस थांबवून ठेवण्याची सोय आहे, ती ह्यासाठीच वापरावी. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी अजून जिवंत आहे का ते आधी बघावे. खाऱ्या हवेत ती लवकर जाते असा माझा अनुभव आहे.

विजेशीच जोडलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती दुकानातही फार कमी जण बघतात. मदरबोर्डवर बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२. मेन स्विच बंद असताना कंप्युटरचे घड्याळ त्याच्यावर चालते. ज्या घरात वीज वारंवार जाते किंवा पावसाळाभर प्लग काढून ठेवतात, तिथे तो लवकर संपतो. मग चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. तारीख चुकली की सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे कंप्युटरला खोटी वाटतात, तो जोडायलाच नकार देतो आणि अपडेट पडते. आमच्या वाडीतल्या एका घरी इंटरनेटवाल्याला बोलावून बोलावून सगळे दमले होते. नवा सेल घातला, तारीख नीट केली, त्याच संध्याकाळी अपडेट चढले.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट उतरवणाऱ्यांचा प्रश्न निराळा. रेंज मध्येच तुटते, फाइल अर्धवट येते आणि तीच खराब फाइल कंप्युटर पुन्हा पुन्हा वापरून बघतो. सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटमध्ये विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर आहे, तो आधी चालवावा. त्याने भागले नाही तर जाणत्याकडून अपडेटच्या सेवा थांबवून विंडोजच्या फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' ह्या फोल्डरचे नाव बदलून घ्यावे. विंडोज नवे फोल्डर करून सगळे नव्याने उतरवते. तुमचे फोटो, हिशेब त्यात नसतात, त्यामुळे भीती नाही. विंडोजच्याच फाइल्स बिघडल्या असतील तर कमांड प्रॉम्प्टमधून आधी 'डिसम' आणि मग 'एसएफसी' ह्या दुरुस्तीच्या आज्ञा चालवतात. आणि कंप्युटर सुरूच होत नसेल तर लागोपाठ काही वेळा अडखळल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये शेवटचे अपडेट काढून टाकण्याचा पर्याय आहे. नव्या लॅपटॉपवर हा पडदा ४८ अंकी 'रिकव्हरी की', म्हणजे डिस्कचे कुलूप उघडणारा आकडा, मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच बघून वहीत लिहून ठेवा. हे सगळे करूनही जमले नाही, तरी फाइल्स तशाच ठेवून विंडोज वरून पुन्हा बसवता येते. फॉरमॅटचा नंबर ह्या सगळ्यानंतर लागतो, तोही फाइल्स बाहेर काढून ठेवल्यावर.

काही दुकानांत फॉरमॅटबरोबर "अपडेटच बंद करून देतो, परत त्रास नको" असे मोठ्या आपुलकीने सांगतात. संपादक महोदय, ह्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने जगभरातले कंप्युटर कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी आले होते. आमच्या घरच्या कंप्युटरवर पेट्यांचा हिशेब, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार आहेत. एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या दिवसांत, तो कुलूपबंद झाला तर वर्षाची कमाई अडकते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांची मशीन विंडोज ११ ला चालत नाहीत, त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली, पण ती घ्यायला विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. आमच्या आसपास कितीतरी मशीन जुन्याच आवृत्तीवर थांबली आहेत, कारण कधीतरी ते मोठे अपडेट अडकले आणि पुन्हा कोणी हात लावला नाही. एवढ्यावरून त्यांना "आता भंगारात घाला" असे सांगितले जाते. जागा करा, सेल बदला, २२एच२ चढवा आणि मग ठरवा.

माझ्या दोन मागण्या आहेत. दुरुस्ती करणाऱ्यांनी बिलावर कोड लिहावा, काय केले ते लिहावे, आणि फॉरमॅट करण्याआधी गिऱ्हाइकाची सही घ्यावी. आमच्या तालुक्यातल्या महाविद्यालयांनी पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी गावच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना बसवावे. लोक आपापली मशीन घेऊन येतील, मुले कोड वाचतील, तारीख आणि जागा तपासतील, फोटो बाहेर काढून देतील. मी स्वतः एमएस-सीआयटी केलेली आहे, बागेचा हिशेब मीच ठेवते. असा रविवार कोणी ठरवला तर मी सकाळपासून तिथे असेन, आणि आमचे यूपीएस व बाहेरची हार्ड डिस्क घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक आंबा बागायतदार महिला
जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग