लाकडी शाळा हवी, पण वाफे अंगणात

महोदय,

लाकडी शाळा आणि तिच्या गच्चीवर भाजीपाला, हे चित्र कागदावर देखणे दिसते. अडचण वजनाची आहे. २० सेंटिमीटर जाडीची भिजलेली माती चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. वर्गखोलीसाठी धरतात तो भार सुमारे ३०० किलो. शिवाय मुले संध्याकाळी घरी जातात, माती तिथेच राहते. कायमच्या भाराने लाकडी तुळई हळूहळू वाकते, खोलगटात पाणी साचते आणि गळती सुरू होते. म्हणून छत उतरते ठेवावे, त्याचे पाणी टाकीत घ्यावे आणि वाफे अंगणात करावेत.

तेही भिंतीला खेटून नकोत, मीटरभर लांब. ओल आणि वाळवी तिथूनच चढते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी धरते. पुण्यातल्या वाड्यांचे सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे केले, ते उगाच नव्हे. आजही खांबाचा बुडखा जोत्यापासून उचलून जस्ताच्या मुलाम्याच्या पोलादी बुटात बसवावा, पाणी निथळायला फट ठेवून. वळचण निदान ९० सेंटिमीटर हवी.

आगीची धास्ती सगळे घेतात. जाड तुळई मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटरच जळत जाते. आधी दगा देतात ते उघडे पोलादी जोड. ते लाकडाच्या आत दडवावेत.

आणि मेच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? मेथी-पालक मार्चअखेर काढून वाफे पालापाचोळ्याने झाकावेत, जूनमध्ये अंबाडी आणि लाल माठ पेरावा.

– एक वास्तुरचनाकार, पुणे