ताई, तुमच्या केसांतल्या जेलबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा प्रबंध जमा केला. पेढे घेऊन ईईजी विभागात, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी नोंदतात तिथे, आले तर तुम्ही रजेवर. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आकड्यांची रांग मनात धरून ठेवताना मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागातल्या लहरींचा ताल जुळतो का, नि क्षणाक्षणाला कसा बदलतो, हे मी मोजत होते. थीटा लहरींत, म्हणजे सेकंदाला साधारण 4 ते 7 आवर्तनांच्या पट्ट्यात, असं जुळणं 1998 सालीच दाखवलं गेलंय. माझ्याकडे मात्र थीटा, अल्फा, सगळंच जुळत होतं! डोक्यावरची कुठलीही दोन ठिकाणं घ्या, एकदिलाने डोलतायत. मला शंका आली. मार्गदर्शक म्हणाले, "आलेख छान दिसतोय, लिहून टाक." एका मोठ्या तज्ज्ञांना तीन मेल केल्या, त्यांना बहुधा अजून वेळ मिळायचाय.

तुम्ही फक्त विचारलंत, "काही न आठवतासुद्धा जुळतं का?"

तुमची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला होती. ती खाली ठेवलीत, अंबाडा सोडलात आणि म्हणालात, "लाव टोपी माझ्याच डोक्याला." वीस मिनिटं भिंतीकडे बघत बसलात. मी पडद्यावर बघितलं तर तुमचाही मेंदू तसाच एकदिल! मग तुम्हीच कानामागची वायर चाचपून म्हणालात, "ही गेलीये गं."

टोपीतल्या, जेल लावून डोक्याला टेकवलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा विद्युतदाब त्या कानामागच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी ताडून मोजतात. तिथली खरखर सगळीकडे एकाच क्षणी शिरते. दोन गावांतल्या ढोलांचा ठेका जुळला म्हणून हरखावं आणि एकाच कर्ण्याचा आवाज दोन्हीकडे शिरल्याचं कळावं, तसं झालं. पुढे सगळ्या इलेक्ट्रोडांची सरासरी संदर्भ धरली, अगदी एकाच क्षणी जुळणारं बाजूला ठेवणारा 2007 सालचा फेज लॅग इंडेक्स हा मापक वापरला, आणि माझा देखणा आलेख कोसळला. उरल्या पुढच्या-मागच्या मोजक्या जोड्या. त्याही आकडे मनात असेपर्यंत जुळणाऱ्या, उत्तर देताच सुटणाऱ्या. एवढंच, पण खरं.

हे गणित पुढेमागे कुणीतरी सांगितलंही असतं. पण केसांत चिकट जेल घेऊन, "घरी जाऊन धुते, लोकल चुकेल," म्हणत तुम्ही निघालात, ते मला अजून दिसतं. त्या दिवशी मला घाईघाईत टॉवेलसुद्धा द्यायचं सुचलं नाही. तुमच्या नोकरीच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नसणार. सरळ वागणारी माणसं कागद बघून वागत नाहीत, हे मला जरा उशिराच कळलं.

प्रबंधातली पहिली आकृती तुमची आहे, भिंतीकडे बघतानाची. नाव नको म्हणालात, म्हणून खाली "नोंद क्र. 0" एवढंच लिहिलंय. सोमवारी पेढे आणते. शांपूही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची आकडेवाली